सतरंजीवरचं पालखेड

"आज लढाई न्हाई," नवऱ्याच्या ताटात दुसरी भाकर टाकताना गोजरबाईनं बजावलं. "पाव्हणे येऊन जाईस्तोवर नेपोलियन न्हाई, सिकंदर न्हाई, अन् तुमचा तो बाजीराव तर मुळीच न्हाई. कबूल?"

"कबूल," वैजनाथ म्हणाला.

"तोंडानं कबूल म्हणून राहिले अन् डोळे पालखेडला लागलेत."

कुरुंद्यात वैजनाथचं नाव दोन गोष्टींसाठी होतं, एक त्याची हळद आणि दुसरी त्याच्या लढाया. दोन्हींचा एकमेकींशी संबंधही होता. हळद शिजायला घातली की माणसाला बॉयलरपासून हलता येत नाही आणि तिथं बसून करण्यासारखंही फारसं काही नसतं. काही हंगामांपूर्वी असंच बसल्या बसल्या त्यानं मोबाईलवर पालखेडच्या लढाईचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून गडी कामातून गेला. जगातले झाडून सगळे सेनापती त्याला पाठ झाले. कोण कुठल्या नदीच्या अलीकडे थांबला, कोणाचे हत्ती कुठं बिथरले, कोणाची रसद कोणी तोडली, हे तो इतक्या मायेनं सांगे की ऐकणाऱ्याला ती सगळी मंडळी वसमत तालुक्यातलीच वाटावी.

या बाबतीत त्याचा एक कडक नियम होता. महाराजांचं नाव वादात आणायचं नाही. महाराज पहिले, तो विषय कधीच मिटला. भांडायचं ते दुसऱ्या नंबरासाठी. आणि दुसऱ्या नंबरावर पहिल्या बाजीरावाशिवाय कोणी बसायला लागलं की वैजनाथच्या अंगात येत असे. मग समोर न्हावी आहे, तलाठी आहे की लेकीला बघायला आलेला पाहुणा आहे, याचा त्याला विसर पडे.

कोमलची दोन स्थळं या दुसऱ्या नंबरानंच खाल्ली होती. आखाडा बाळापूरच्या पाहुण्यांपैकी एक म्हातारा चहा पिता पिता सहज "नेपोलियनसारखा माणूस होणे नाही" म्हणून गेला. वैजनाथनं त्याला रशियातल्या बर्फात असा काही गाडला की म्हातारा कप अर्धा टाकून उठला. दुसरा मुलगा इंजिनिअर होता. त्यानं सिकंदराचं नाव काढलं. "बियास नदीपून जो माघारी फिरला तो कसला जगज्जेता?" असं वैजनाथनं त्याला पाऊण तास विचारलं. विचार करून कळवतो म्हणून ती मंडळी गेली, ती अजून विचारच करत होती.

म्हणून आज सकाळी कोमल स्वतः बापापाशी येऊन बसली. वसमतला फार्मसी शिकलेली पोरगी, पण आज तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"बाबा, मला हे पोरगं पसंत हाये. आमी दोन-चारदा फोनवर बोललो. त्याचं शेळ्या-मेंढ्यांच्या औषधाचं दुकान हाये, मला बी त्यात बसू देतो म्हणला. फक्त आजचा दिवस तोंड बंद ठेवा."

एकुलती एक लेक, आणि आपल्या तोंडापायी ती दोनदा शेजाऱ्यापाजाऱ्यांत खाली मान घालून वावरली. वैजनाथनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाला, "बाई, आज तुझा बाप मुका."

स्थळ पुसेगावकडचं होतं. मुलाचे वडील संतराम, मेंढरं आणि थोडी शेती. वैजनाथच्या घरीही त्याच्या बापापर्यंत मेंढरंच होती, तेव्हा सोयरीक जुळती होती. मुलगा शिवप्रसाद निर्व्यसनी होता. अडचण एकच होती आणि ती गावातले जुने पंच भीमराज आबा यांनी आदल्या दिवशीच कानात सांगितली होती. "संतराम गरीब माणूस हाये, काही मागायचा न्हाई. पण बोलणी करणार पोराचा मामा, प्रभू. दुष्काळात त्यानं यांची मेंढरं जगवली, म्हणून त्याच्यापुढं घरात कोणी तोंड उघडत न्हाई. तो हिंगोलीचं मंगल कार्यालय मागणार, अन् नवरदेवाला चारचाकी मागणार."

चारचाकी म्हणजे विहिरीजवळचा तुकडा गेलाच. पण लेकीसाठी तोही मोडायची वैजनाथनं मनाची तयारी केली होती. रीत कशी, तर सुपारी फुटेपर्यंत काय मागायचं ते मागा, घासाघीस करा, रुसून उठून जा. एकदा सुपारी फुटून तिचा तुकडा पंचांच्या तोंडात पडला की सोयरीक पक्की आणि पुढं कोणी काही मागायचं नाही. ओसरीवर सतरंजी अंथरली. मधोमध पितळेचं ताट ठेवलं. त्यात नारळ, खारका, हळकुंडं, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, सुपाऱ्या आणि सगळ्यात वर कुंकू लावलेली मानाची मोठी सुपारी. शेजारी अडकित्ता.

दुपार व्हायच्या आत जीप दारात थांबली. आधी मामा उतरले. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, चालणं असं की घर विकत घ्यायला आलेत. मागून संतराम, त्याची बायको पद्माबाई आणि खाली मान घालून शिवप्रसाद. पद्माबाई आत बायकांत गेली. पुरुषमंडळी सतरंजीवर टेकली. मामांनी बरोब्बर मधली जागा धरली आणि पाण्याचा तांब्या आपल्या मांडीशी ओढून घेतला.

"प्रवासाची तकलीफ तर झाली न्हाई?" वैजनाथनं विचारलं.

"न्हाई," संतराम म्हणाला.

इथं बोलणं संपलं. वैजनाथला दुसरं काही सुचेना. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं की लढाया वजा केल्या तर आपल्याकडं बोलण्यासारखं काहीच उरत नाही. हळदीच्या भावावर एक वाक्य झालं, उन्हावर एक झालं. संतरामही घुम्यासारखा बसून होता. मामांच्या कपाळावर आठी उमटली. भीमराज आबा घसा खाकरून ताटाकडं बघत होते, कारण त्यांना कधीची सुपारीची तल्लफ आली होती.

"मुलीचे वडील बोलत न्हाईत," मामा कोरड्या आवाजात म्हणाले. "स्थळ पसंत न्हाई का काय?"

"पसंत हाये की," वैजनाथ घाईघाईनं म्हणाला. "तुमी... मेंढरं कशी हायेत, सोयरे?"

"मजेत," संतराम म्हणाला. मग छताकडं बघत, अगदी सहज, त्यानं पुढं जोडलं, "आमचा हॅनिबल पुढं असला की मेंढराची काळजी न्हाई."

वैजनाथच्या पाठीचा कणा ताठ झाला.

"कोण पुढं असला की?"

"हॅनिबल. आमचा एडका. डोंगर बी पार करतो पठ्ठ्या. मंग त्या मोठ्या सेनापतीचंच नाव ठेवलं."

दारामागून गोजरबाईचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्याचा अर्थ वैजनाथला बराबर कळला. त्यानं समोरच्या ताटलीतला लाडू उचलून अख्खा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही, हा त्याचा हिशेब. लाडू बेसनाचा होता, टाळूला चिकटला. डोळ्यांत पाणी आलं तरी तो चावत राहिला.

"बरं, तर बोलणीकडं वळू," मामा सरसावून बसले. "आमचं असं म्हणणं हाये की लग्न..."

"तसा जगात सेनापती एकच झाला म्हणा," संतराम छताशीच बोलल्यासारखा बोलला. "बाकीचे नुसते घोडे पळवणारे."

लाडू गिळला गेला.

"घोडे पळवणारे?" वैजनाथचा आवाज चढला. आत खोकल्यांची माळ लागली, पण आता तो आवाज त्याला फार लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटत होता. "सोयरे, माफ करा. महाराज सोडून बोलून राहिलो. ते पहिले. पण तुमचा हॅनिबल झामाच्या लढाईत रोमकडून हारला का न्हाई?"

"शेवटाला एकदा हारला."

"एकदा म्हंजे हारलाच ना. आमचा बाजीराव एकदा बी हारला न्हाई. जनमात न्हाई."

"तुमच्या बाजीरावाला कधी हत्ती घेऊन बर्फाचा डोंगर चढा लागला का?"

"डोंगर चढून काय केलं? रोम घेतलं का? पंधरा वर्षं इटलीत हिंडला अन् रोमच्या वेशीतून माघारी गेला."

"कॅनीच्या लढाईत काय झालं ते ठाऊक हाये का?" संतरामनं विचारलं. 'कॅनी' म्हणण्याआधी त्यानं एकदा शिवप्रसादकडं पाहिलं होतं, पण त्या गडबडीत ते वैजनाथच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

"ठाऊक हाये. पण पालखेडपुढं कॅनी काय हाये?"

"असं म्हणून न्हाई चालत," संतराम मांडी मोडून गुडघ्यावर आला. "मांडून दाखवतो."

आणि त्यानं ताट पुढं ओढलं. मुठीमुठीनं खारका काढून सतरंजीवर दाट रांग लावली. ते रोमन. समोर हळकुंडांची चंद्रकोर केली. ती हॅनिबलची फौज. दोन्ही टोकांना खोबऱ्याच्या वाट्या, ते घोडेस्वार. आता दम धरणं वैजनाथच्या हाती उरलं नव्हतं. तोही गुडघ्यावर आला. आपल्या ओसरीवर, आपल्याच सतरंजीवर कोणीतरी कॅनी मांडतं आहे, असं भाग्य त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. गावात तो बोलायला लागला की लोक चपला शोधत.

"मामा, पाय हलवू नका," संतराम म्हणाला.

"काहून?"

"तुमचा पाय आल्प्स हाये."

मामांनी पाय तसाच ठेवला. माणूस दराऱ्याचा असला तरी आल्प्स हलवायचा धीर त्याला होईना. संतरामनं त्या मांडीवरून एकेक हळकुंड हळूहळू पार नेलं. मधूनच तो थांबे आणि एखादं हळकुंड दरीत टाकी.

"हे काहून पाडलं?" आबांनी विचारलं.

"बर्फावून घसरलं, आबा. निम्मे गडी वाटेतच गेले."

"अरारा," आबा हळहळले.

"आन् रोम कुठं हाये?" वैजनाथनं विचारलं.

"मामा, टोपी द्या जरा. रोम पाहिजे."

टोपी गेली. मामांचं टक्कल उघडं पडलं आणि त्याबरोबर त्यांचा अर्धा रुबाब ओसरला. "दाजी," ते संतरामवर खेकसले, "आपण बोलणीला आलोत का खेळायला?"

"बोलणीच करून राहिलो," संतराम म्हणाला. "आता बघा सोयरे. मधली फळी मागं सरकली. रोमन आत घुसले. अन् दोन्हीकून घोडेस्वार आले. संपलं. सगळ्या खारका घेरल्या."

त्यानं दोन्ही हातांनी हळकुंडांचा वेढा आवळला. कोंडलेल्या खारकांकडं बघून आबांच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं. शेजारचे दोघेतिघे ओसरीच्या कडेला येऊन टेकले होते, त्यांनीही माना डोलावल्या. लढाई सुंदर होती, हे वैजनाथला आतून पटलं होतं, पण ते कबूल करणं म्हणजे बाजीरावाला उघड्यावर टाकणं होतं.

"आता पालखेड," तो म्हणाला. त्यानं सगळ्या खारका एका हातानं बाजूला सारल्या. "ही गोदावरी." खांद्यावरचं उपरणं सतरंजीवर आडवं पडलं. "हा निजामाचा तोफखाना." नारळ. "अन् हा बाजीराव." एक लहानशी सुपारी. "निजाम कोण घ्यावा?"

"निजाम म्हंजे मोठा माणूस," संतराम म्हणाला आणि त्यानं ताटातली कुंकू लावलेली मानाची सुपारी उचलून वैजनाथच्या हातात दिली. "हा घ्या."

दारामागचा खोकला थांबला. गोजरबाई आता खोकण्याच्या पलीकडं गेली होती.

बाजीरावाची सुपारी निघाली. जालन्याहून बुऱ्हाणपूरकडं गेल्यासारखं दाखवून ती बाजेखालून वळली, खानदेशात शिरली, गुजरातेत उंबऱ्यापर्यंत गेली. वैजनाथ तिच्यामागं रांगत होता. "निजामाला वाटलं बाजीराव लांब गेला. निजाम पुण्यात शिरला. आता बघा. बाजीराव फिरला औरंगाबादेकडं. निजामाची धांदल. तोफा जड, चालंनात. निजामानं तोफा मागं सोडल्या." नारळ मागं राहिला. "आन् निजाम आला कुठं? आपल्याच मुलखात. वैजापूरच्या अंगाला. पालखेडच्या माळावर. माळावर काय न्हाई?"

"काय न्हाई?" आबांनी उत्सुकतेनं विचारलं.

"पाणी न्हाई, आबा. सगळं पाणी बाजीरावाच्या हातात."

"हे असं," म्हणून संतरामनं मामांच्या मांडीजवळचा तांब्या उचलला आणि आपल्या पाठीमागं नेऊन ठेवला.

"बराबर," वैजनाथ खूश होऊन म्हणाला.

"बाजीरावासंगं मल्हारबा बी होते, ते ईसरू नको," आबांनी बजावलं.

"ते कसं ईसरंल, आबा? मेंढरामागच्या गड्याची पारख ज्याला झाली, तोच खरा सेनापती. म्हणून तर म्हणून राहिलो."

ओसरीच्या कडेला बसलेल्यांनी मल्हारबांच्या नावाला हात जोडले. मामा तिसऱ्यांदा बोलायला सरसावले, पण सकाळपासून उन्हात जीपचा प्रवास, त्यात दोन लाडू खाल्लेले. घसा सुकला होता. "आमची एक मागणी... जरा पाणी..." एवढंच बाहेर पडलं.

"थांबा मामा, निजामाला बी पाणी भेटलं न्हाई," वैजनाथ न बघता म्हणाला.

संतराम मात्र मान हलवत होता. "घोडे पळवले, पाणी तोडलं, सगळं कबूल. पण फोडलं काय? हॅनिबलनं रोमची फौज फोडली. पालखेडला काय फुटलं?"

"निजामाचा माज फुटला."

"मला तर दिसला न्हाई."

"दिसला न्हाई?"

"न्हाई बा. खारका दिसल्या, नारळ दिसला. फुटलेलं काहीच दिसलं न्हाई. तहान लागली म्हणून तह केला. ही काय लढाई झाली?"

वैजनाथच्या कानशिलाची शीर उडायला लागली. जगातली सगळ्यात अक्कलहुशारीची लढाई, आणि हा माणूस तिला तहान म्हणतो. त्यानं हात लांब केला. हाताला अडकित्ता लागला. तो तिथं कसा आला, कोणी पुढं केला, हे पाहायला त्याला सवड नव्हती.

"फुटलेलं पाहिजे ना तुमाला? बघा, असा फुटला निजाम."

कट्ट.

मानाच्या सुपारीचे दोन तुकडे सतरंजीवर पडले, कुंकवासकट. वैजनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. मग हातातल्या अडकित्त्याकडं. आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

तेवढ्या वेळात तीन गोष्टी घडल्या. भीमराज आबांचं लढाईत लक्ष होतं, पण सुपारी फुटल्याचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि एक तुकडा आपोआप तोंडात पडला. "झालं, चांगलं झालं," ते म्हणाले, कारण सुपारी तोंडात पडल्यावर ते नेहमी हेच म्हणत. आत माजघरात तो कट्ट आवाज ऐकून पद्माबाईनं हातातलं कुंकू कोमलच्या कपाळावर टेकवलं आणि तिच्या तोंडात साखर घातली. आणि ओसरीच्या कडेला बसलेल्यांपैकी एकानं ताटातली खडीसाखर उचलून गल्लीत वाटायला सुरुवातही केली.

"थांबा," मामा उठून उभे राहिले. आल्प्स कोसळला. "बोलणी झाली न्हाई. आमी अजून काही मागितलंच न्हाई."

"सुपारी फुटली," आबा चघळत म्हणाले.

"ती सुपारी न्हवती. तो निजाम होता."

"असंल. पण तुमचा निजाम माझ्या तोंडात हाये, प्रभूराव. पंचाच्या तोंडात सुपारी पडल्यावर मागणी करायची रीत न्हाई."

"मंग दुसरी फोडा."

आबांनी चघळणं थांबवलं. "एका लग्नाला दोन सुपाऱ्या? दुसरी फोडायची तर दुसरी सोयरीक आणा."

मामा संतरामकडं वळले. "दाजी, तुमी बोला. तुमी पोराचे बाप."

"मी काय बोलू, मामा," संतराम पडेल आवाजात म्हणाला. "लढाई हारलो मी."

मामांनी पुन्हा तोंड उघडलं, पण घशातून शब्दाऐवजी नुसती हवा निघाली. त्यांनी मांडीशेजारी तांब्यासाठी चाचपलं. तांब्या नव्हता. मग ते मुकाट्यानं खाली बसले आणि त्यांनी रोम उचलून डोक्यावर घातलं.

वैजनाथला यातलं काहीच नीट दिसत नव्हतं. सुपारी आपल्या हातून फुटली, तीही भांडणात, तीही निजाम म्हणून. लेकीला दिलेला शब्द आपण पाळला नाही. पाहुण्यांचा मान गेला. आता ही मंडळी उठणार, पद्माबाई ते कुंकू पुसायला लावणार, आणि कोमल पुन्हा खाली मान घालून हिंडणार. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. तो हात जोडून म्हणाला, "सोयरे, मी चुकलो. माझं तोंडच वाईट. पण पोरीला त्याची शिक्षा देऊ नका."

"शिक्षा कशाची, इवाई?" संतराम म्हणाला.

इवाई. व्याह्यासाठीचा हा शब्द कानावर पडला तेव्हा वैजनाथला आधी विश्वासच बसेना. त्यानं दाराकडं पाहिलं. गोजरबाई उंबऱ्यात उभी होती आणि चक्क हसत होती. तिच्या मागं कपाळाला कुंकू लावलेली कोमल होती. तिनं बापाकडं पाहिलं आणि मान हलवली, जसं लहान लेकराकडं बघून हलवतात.

जेवणं झाली. मामांनी तोंडभर पाणी पिऊन दोन पोळ्या रागात आणि तीन आवडीनं खाल्ल्या, आणि लग्न नवरीच्या दारातच मांडव घालून करायचं, हे त्यांच्या देखत ठरलं. चारचाकीचा विषय कोणी काढला नाही. वैजनाथ पुरता हरखून गेला होता, पण त्याच्या मनात कुठंतरी खुटखुट होती. निघायच्या आधी संतराम म्हणाला, "इवाई, जरा तुमची हळद दाखवा." दोघंच खळ्याकडं गेले. शिजवलेली हळद उन्हात पसरली होती, तिच्या कडेला ते उभे राहिले.

"तुमचा एडका मला आवडला," वैजनाथ म्हणाला. "हॅनिबल. चांगलं नाव हाये."

"एडक्याला नावच न्हाई," संतराम म्हणाला. "मेंढराला कोण नाव ठेवतं?"

"मंग?"

संतरामनं मागं वळून जीपकडं पाहिलं. मामा आत बसून घाम पुसत होते. आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "दुष्काळात त्यांनी आमची मेंढरं जगवली, ते मी ईसरलो न्हाई. त्यांच्यासमोर मला न्हाई म्हणता येत न्हाई. पण चारचाकी मला बी नको होती अन् पोराला बी नको होती. सुपारी आधी फुटली म्हंजे मागणी संपली. आता सुपारी फोडावी कशी? तर बाळापूरचे ते पाव्हणे माझ्या मावसभावाकडचे. तुमी त्यांना बर्फात कसं गाडलं ते त्यांनी सगळं सांगितलं. मंग मी म्हणलं, हा माणूस नुसता पेटला पाहिजे. हॅनिबल मला शिवप्रसादनं चार दिवस बसवून शिकवला. तरी कॅनीला अडलोच होतो."

वैजनाथला एकेक आठवायला लागलं. मानाची सुपारी हातात देणारा हा. तांब्या मागं नेणारा हा. अडकित्ता पुढं करणाराही हाच असणार. मामांना त्यांच्या मागण्यांच्या तोफखान्यापासून लांब ओढलं, पाण्यावाचून कोंडलं आणि एक शब्द न बोलता तह करायला लावला.

"म्हंजे तुमी पालखेड केलं," तो हळूच म्हणाला. "माझ्याच ओसरीवर. अन् मी तुमालाच पालखेड शिकवून राहिलो होतो."

"दुसरं कोणाकून शिकायचं? माझा बी सेनापती बाजीरावच हाये, इवाई. पहिल्यापासून. पण तुमच्याशी एकमत झालं असतं तर भांडण कसं झालं असतं?"

आनंद मावेना, अशी वैजनाथची गत झाली. आयुष्यभर शोधला असता तरी असा व्याही मिळाला नसता. बाजीराव मानणारा, आणि नुसता मानणारा नाही, बाजीराव करून दाखवणारा. आता बोलायचं तरी काय उरलं होतं? दोघांचं एकच मत. वाद संपला. त्यानं हळदीतलं एक हळकुंड उचललं, बोटांत फिरवलं आणि कॅनीची ती चंद्रकोर त्याच्या डोळ्यांपुढं आली. मधली फळी मागं सरकते आहे, खारका आत घुसताहेत.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "तुमी मांडलं तेव्हापून माझ्या डोक्यातून जाईना. हॅनिबल तसा बाजीरावापेक्षा एक बोटभर उंचच वाटून राहिला."

संतरामचा चेहरा बदलला.

"काय बोलून राहिले तुमी, इवाई? झामाला हारलेला माणूस?"

"एकदाच हारला ना."

"एकदा म्हंजे हारलाच. आन् रोम घेतलं का त्यानं?"

"पण हत्ती घेऊन बर्फाचा डोंगर..."

"डोंगराचं काय घेऊन बसले?" संतराम खाली बसला आणि त्यानं हळकुंडांची रांग लावायला घेतली. "थांबा, मांडून दाखवतो."

जीपचा हॉर्न एकदा वाजला, दोनदा वाजला. मामा खिडकीतून काहीतरी ओरडत होते. गोजरबाई दारातून खळ्याकडं बघत होती. दोन व्याही गुडघ्यांवर, मध्ये लढाई, दोघांचेही हात पिवळे. कालपर्यंत हे पाहून ती खोकून खोकून बेजार झाली असती. आज ती काही खोकली नाही. सुपारी फुटली होती.

"कोमल," तिनं आत वळून सांगितलं, "चहा ठेव. पाव्हण्यांना येळ लागंल."